मांगराशेजारची वाट का खचते?

कोकणात सपाट जागेवर घर असणे ही भाग्याची गोष्ट. बहुतेक घरे उतार कापून काढलेल्या टप्प्यांवर उभी असतात. वरच्या टप्प्यावर राहते घर, त्याच्या बाजूला किंवा चार पावले खाली मांगर, आणि मांगराच्या भिंतीला लगटून खाली आगराकडे किंवा विहिरीकडे जाणारी साडेतीन-चार फुटांची वाट. मांगर म्हणजे अवजारे, नारळ, गवत, लाकूडफाटा ठेवण्याची घराबाहेरची इमारत. दक्षिण कोकणात आणि गोव्यात हा शब्द रूढ आहे. अलीकडे लोणावळा, मुळशी, पाचगणीच्या बाजूला शहरवासीयांनी बांधलेल्या दुसऱ्या घरांतही पंपाची खोली किंवा सामानाची खोली याच पद्धतीने मुख्य घराच्या खालच्या अंगाला बांधली जाते. नाव वेगळे असले तरी वाटेचे दुखणे तेच.

ही वाट खचते ती हळूहळू. आधी दोन फरश्यांमधली फट रुंदावते. पुढच्या वर्षी एका जागी पाणी साचू लागते. मग एक कोपरा इंचभर खाली जातो, त्यावर पाय अडखळू लागतो आणि घरातली वयस्कर माणसे त्या बाजूने जाण्याचे टाळू लागतात. शहरातून चार दिवसांसाठी येणाऱ्या मुला-नातवंडांना हे दिसत नाही, कारण गणपतीत गवताने आणि मे महिन्यात पाचोळ्याने सगळे झाकलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या गावच्या घरीही असेच घडले. खचलेल्या वाटेवर सिमेंटचा जाड कोबा ओतून आम्ही ‘कायमचा बंदोबस्त’ केला. तिसऱ्या पावसाळ्यात कोबा मधोमध मोडला. पहाटे विहिरीकडे निघालेल्या काकू पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. कोब्याचे तुकडे बाजूला केल्यावर खाली हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी होती. माती तीन वर्षे खालून वाहून जात होती आणि वरचा कोबा पुलासारखा दोन्ही टोकांवर तोलून धरलेला होता. खचणे थांबले नव्हते. ते फक्त दिसेनासे झाले होते. या लेखातील बरीचशी माहिती त्या चुकीनंतर शिकून घेतलेली आहे.

कापलेली जमीन आणि भरलेली जमीन

उतारावर इमारत बांधायची तर वरच्या अंगाची जमीन कापतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला टाकून टप्पा रुंद करतात. वरची कापलेली जमीन शतकानुशतके दाबली गेलेली, घट्ट असते. खालचा भराव मात्र घमेल्यांनी किंवा आजकाल जेसीबीने लोटलेला असतो. त्याची धुम्मस करून दाबणी क्वचितच होते. त्यात झाडांची मुळे, पाला, फुटके चिरे, सिमेंटच्या पिशव्या असे काहीही असते. इमारतीचा पाया निदान घट्ट जमिनीपर्यंत नेलेला असतो. वाटेला कोण पाया खणतो? म्हणून भिंत जागेवर राहते आणि वाट बसते.

याखेरीज भिंतीला लागून दोन-अडीच फुटांचा एक पट्टा असतो. पाया घालण्यासाठी खणलेला चर भिंतीच्या रुंदीपेक्षा मोठा असतो आणि बांधकाम झाल्यावर उरलेली जागा हाताला येईल त्या मातीने बुजवली जाते. वाट नेमकी याच पट्ट्यावरून जाते. म्हणजे तिचा आतला अर्धा भाग बुजवलेल्या चरावर आणि बाहेरचा अर्धा भाग सैल भरावावर, अशी तिची स्थिती असते. अशा वाटेने पाच-दहा वर्षे तग धरला तरी तिचे कौतुकच करायला हवे.

कोकणच्या जमिनीचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. वरचा जांभा कठीण आणि सच्छिद्र असतो, त्याच्या खाली पुष्कळदा पिवळट-पांढरट, मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. पाणी जांभ्यातून सहज खाली उतरते आणि त्या मऊ थरावर अडते. मग ते उताराच्या दिशेने आडवे वाहू लागते व बरोबर बारीक माती घेऊन जाते. हे बोगदे नळीएवढे असतात, पण एका मोसमात मनगटाएवढे होऊ शकतात. जांभ्याला इंग्रजीत ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ साली मलबारातील प्रवासवर्णनात दिले. लॅटिन भाषेतील ‘विटे’वरून ते घेतले आहे. खाणीतून ओला असताना तो हत्याराने कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, हे त्याने पाहिले होते. चिरेखाणीवरच्या कारागिरांना ते अर्थातच आधीपासून ठाऊक होते.

पागोळ्यांचा हिशेब

आता पाण्याकडे वळू. वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद मांगराचे छप्पर दुपाखी आहे असे धरले, तर वाटेच्या बाजूच्या पाख्याखालचे क्षेत्र १२० चौरस फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर भरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस कोकणात नवलाचा नाही. त्या दिवशी या एका पाख्यावरून अकराशे लिटर पाणी वळचणीतून खाली पडते. मोसमाचा पाऊस ३,००० मिलिमीटर धरला तर हा आकडा ३३ हजार लिटरवर जातो. पाण्याचे तीन मोठे टँकर वीस फुटांच्या एका अरुंद रेषेत, एकाच जागी, उंचावरून ओतल्यासारखे हे आहे. आणि ती रेषा बरोबर वाटेच्या मध्यावर येते, कारण वळचण भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असते.

जुन्या घरांत या पागोळ्यांसाठी पोफळीच्या किंवा माडाच्या खोडाची चिरून कोरलेली पन्हळ बांधत. ती गेली. कौले जाऊन पत्रे आले. पत्र्यावरून पाणी कौलांपेक्षा वेगाने सुटते आणि भिंतीपासून अधिक दूर जाऊन पडते. त्यामुळे पूर्वी जेथे दगडी पाट होता तेथे आता पाणी पडतच नाही. ते पडते वाटेच्या बाहेरच्या कडेवर, भरावाच्या डोक्यावर. आमच्या घरी हेच झाले होते. छपराचे काम एका वर्षी, वाटेचे खचणे चार वर्षांनी. दोहोंचा संबंध कुणाच्याही लक्षात आला नाही. आपल्या वाटेची तक्रार केव्हा सुरू झाली आणि त्याआधी घराभोवती कोणता बदल झाला होता, हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारावा. नवे छप्पर, नवी बोअरवेल, तोडलेले झाड, शेजाऱ्याने घातलेला बांध, वरून गेलेला डांबरी रस्ता, यांपैकी काहीतरी सहसा सापडते.

तोडलेल्या झाडाचे विशेष सांगायला हवे. मोठे झाड तोडल्यावर त्याचा बुंधा आणि मुळे जमिनीत कुजत राहतात. वाळवी त्यांना पोखरते, आणि मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. पाण्याला आयती वाट मिळते. घुशींची आणि खेकड्यांची बिळे हेच काम करतात. न्हाणीघराची फुटलेली मोरी किंवा पंपाच्या नळाचा गळका सांधा असेल तर खचणे पावसाळ्याची वाटही पाहत नाही. एप्रिलमध्ये वाट खचत असेल, तर पावसाला दोष न देता नळ तपासावा.

पाहणी पावसातच

दुरुस्ती कोरड्या दिवसांत करायची असली, तरी पाहणी भर पावसातच करावी. छत्री घेऊन मांगरामागे उभे राहावे आणि पाणी कुठून येते, कुठे थबकते, कुठे नाहीसे होते हे पाहावे. जेथे पाणी शिरते आणि बाहेर येताना दिसत नाही, तेथे खाली पोकळी आहे असे समजावे. खाली कुठे गढूळ पाणी पाझरत असेल तर बरोबर माती जात आहे. स्वच्छ पाझर त्या मानाने कमी चिंतेचा.

वाट कोणत्या बाजूला कलली आहे यावरूनही बरेच कळते. ती भिंतीकडे कलली असेल तर दोष बुजवलेल्या चराचा. बाहेर, उताराकडे कलली असेल तर भरावाची कड सरकते आहे. मधेच एका जागी बशीसारखा खळगा पडला असेल तर खाली बीळ, कुजलेले मूळ किंवा फुटका नळ शोधावा. दुरुस्ती या तिन्हींत वेगवेगळी असल्यामुळे हे ठरवल्याशिवाय गवंड्याला बोलावू नये. बोलावल्यास तो कोबाच सुचवील, आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘वाट करा’ एवढेच आपण त्याला सांगितलेले असते.

तपासणीला साधने साधी पुरतात. बारा मिलिमीटर जाडीची चार फुटी लोखंडी सळई घेऊन वाटेच्या कडेने दर दोन फुटांवर हाताने दाबत जावी. घट्ट जमिनीत ती वीतभरही जात नाही, सैल भरावात दोन-तीन फूट सहज उतरते. फरशीवर पहारीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकले की पोकळ जागी आवाज बदलतो. भिंतीवर एका ठराविक उंचीची रेघ मारून, तिच्यापासून वाटेपर्यंतचे अंतर दर महिन्याला मोजून वहीत लिहावे. भेगेवर सिमेंटचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख कोरावी. पट्टा तडकला तर हालचाल चालू आहे. नळाची शंका असेल तर रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी नोंदवावी आणि सकाळी पाहावी.

येथे एक गोष्ट थांबून सांगणे आवश्यक आहे. वाट खचणे आणि उतार सरकणे या दोन निराळ्या घटना आहेत, पण पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच दिसतात. भेग वाटेपुरती न राहता अंगणातून, मांगराच्या जमिनीतून पुढे जात असेल, तिचा आकार वरच्या अंगाला कमानीसारखा असेल, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या असतील, माड किंवा विजेचे खांब एकाच दिशेने कलले असतील, जेथे कधी पाणी नव्हते तेथे नवा झरा फुटला असेल किंवा जुना झरा एकाएकी गढूळ झाला असेल, तर फावड्याला हातही लावू नये. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, महाडजवळ तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि इरशाळवाडीत १९ जुलै २०२३ रोजी काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अशी चिन्हे दिसली की घर सोडून सुरक्षित जागी जावे आणि ग्रामपंचायत व तहसीलदार कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. भूवैज्ञानिकाने पाहणी केल्याशिवाय परत राहायला येऊ नये. येथून पुढे जे लिहिले आहे ते ही चिन्हे नसलेल्या वाटेसाठी आहे.

आधी पाणी, मग कड, शेवटी वाट

कामाचा क्रम बदलला की पैसा पाण्यात जातो. बहुतेकजण वाटेपासून सुरुवात करतात, कारण ती डोळ्यांना खुपते. प्रत्यक्षात वाट ही शेवटची पायरी. दिवाळीनंतर जमीन थोडी सुकली की पाण्याचे काम, पौष-माघात गडग्याचे आणि होळीपर्यंत वाटेचे, असे वेळापत्रक कोकणात सोयीचे पडते. एप्रिल-मेमध्ये माणसे आंब्याच्या कामात असतात आणि माती इतकी कोरडी होते की दाबणीला पाणी वाहून आणावे लागते.

मांगराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून पाच-सहा फुटांवर, उताराला आडवा एक चर घ्यावा. फूटभर रुंद आणि फूटभर खोल पुरे. त्याला एका बाजूला दर शंभर फुटांना निदान एक फूट उतार द्यावा. चर कच्चा ठेवला तर त्यात साचलेले पाणी पायाखाली मुरते आणि आपणच रोगाला निमंत्रण देतो. म्हणून तळाला व बाजूंना दगड बसवून सांधे चुन्याने किंवा सिमेंटने भरावेत. चराचे पाणी व्हाळात किंवा नैसर्गिक ओहोळात सोडावे. ते भरावाच्या टोकावर सोडले तर तेथे घळ पडते, शेजाऱ्याच्या कुंपणात सोडले तर भांडण होते. तोंडाशी मोठ्या दगडांचा ढीग रचला की पाण्याचा वेग मोडतो.

छपराला पन्हळ लावणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. पीव्हीसीची अर्धगोल पन्हळ किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची चालते. वीस फुटांत तिला दीड-दोन इंचांचा उतार द्यावा, आधारपट्ट्या दोन-दोन फुटांवर असाव्यात. उभा नळ चार इंची असावा, आणि त्याचे तोंड वाटेवर न उघडता पाटात उघडावे. पन्हळ पाचोळ्याने तुंबते हे खरे. मिरगाच्या आधी एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा ती साफ करावी लागते. ज्या घरी हे होणार नाही, त्यांनी पन्हळीऐवजी पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेत दगडी पाट बांधावा आणि वाट त्याच्या बाहेर सरकवावी. बंद घराच्या मालकांनी प्रामाणिकपणे दुसरा पर्याय निवडावा.

गडगा

वाट बाहेर कलली असेल तर खालच्या कडेला आधार हवा. कोकणातला गडगा, म्हणजे मातीचुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत, या कामाला आजही उत्तम आहे. याचे कारण त्याच्या प्रत्येक सांध्यातून पाणी निथळते. भिंतीमागे पाणी साचले की मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो, आणि भिंती पडतात त्या बहुधा या दुसऱ्या दाबाने. २०१९ च्या जून-जुलैमध्ये काही दिवसांच्या अंतराने पुण्यात कोंढवा आणि मुंबईत मालाड येथे जोरदार पावसात भिंती कोसळून अनेक माणसे दगावली. भरीव भिंतीमागे काय साठू शकते याचा विसर त्यानंतर तरी पडू नये.

तीन फूट उंचीच्या गडग्यासाठी खाली घट्ट जमीन लागेपर्यंत, निदान फूट-दीड फूट खणावे. खणलेला तळ किंचित आत, म्हणजे डोंगराकडे कललेला असावा. बुडाशी रुंदी दोन फूट आणि माथ्याशी दीड फूट ठेवली की बाहेरच्या अंगाला दर फुटाला दोन इंच असा आतला कल मिळतो. मोठे दगड खाली घालावेत. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जावी. शोभेसाठी लांब बाजू बाहेर दाखवणारा गवंडी बदलावा. दर चार-पाच फुटांवर एक दगड भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार गेलेला असावा. गडग्याच्या मागे फूटभर जागेत मातीऐवजी दगडाच्या कपच्या भराव्यात आणि त्या कपच्या व मूळ माती यांच्या मधे जिओटेक्स्टाइलचे कापड लावावे. हे कापड पाणी जाऊ देते आणि माती अडवते. पूर्वी याच जागी बारीक खडीचा थर देत.

सिमेंटची भिंतच हवी असेल तर तिला बुडाशी, दर चार-पाच फुटांवर तीन इंची नळ्या बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवाव्यात. गवंडी नळ्या बसवतो, पण कित्येकदा मागे कपच्या न भरता थेट माती लोटतो. मग पहिल्याच पावसात नळ्या चिखलाने बुजतात आणि केवळ शोभेपुरत्या उरतात. चार फुटांहून उंच भिंत असेल, किंवा तिच्या वरच्या टप्प्यावर गाडी उभी राहणार असेल, तर हे काम गवंड्याच्या अनुभवावर न सोडता स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा.

खणताना भिंतीची काळजी

आता वाट. जुन्या फरश्या किंवा चिरे काढून क्रमाने बाजूला रचावेत. बहुतेक पुन्हा वापरता येतात. मग सैल माती काढत सळई अडेपर्यंत खाली जावे. पण येथेच मोठा धोका आहे. जुन्या मांगरांचे पाये कधी कधी दीड-दोन फुटांचेच असतात. वाटेसाठी त्यांच्या शेजारी तेवढेच किंवा अधिक खोल खणले की पायाखालच्या मातीचा आधार जातो आणि भिंत बाहेर येते. म्हणून आधी एका कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांचा खड्डा घेऊन पाया कुठवर आहे ते पाहावे. पायाच्या तळाच्या बाहेरच्या कडेपासून खाली ४५ अंशांत एक तिरकी रेषा कल्पावी. तिच्या आतली माती काढू नये. संपूर्ण लांबी एकदम उघडी टाकू नये. चार-चार फुटांचे तुकडे पाडून एक सोडून एक खणावा, तो भरून दाबून झाल्यावर मधला घ्यावा. वेळ दुप्पट लागतो. मजुरी वाढते म्हणून ठेकेदार नाखूश असतो. त्याला नाखूश राहू द्यावे.

खणलेल्या जागेत कुजकी मुळे, लाकडाचे तुकडे दिसतील ते शेवटपर्यंत ओढून काढावेत. घुशीचे बीळ नुसते तोंडाशी बुजवून उपयोग नाही. ते खणत जाऊन दगड-मुरमाने ठासावे. उताराचा तळ तिरका तसाच ठेवून त्यावर भराव टाकला तर तो पाण्याने वंगण मिळाल्यासारखा घसरतो. त्यासाठी तळ पायऱ्या-पायऱ्यांनी आडवा कापावा, म्हणजे नव्या भरावाला बसायला बैठक मिळते.

भरावाला काढलेलीच माती परत टाकण्याचा मोह आवरावा. चांगला मुरूम आणावा. चार ते सहा इंचांचा थर, त्यावर पाण्याचा शिडकावा, मग धुम्मस. तो थर वाजू लागला की पुढचा. फूटभर मुरूम एकदम टाकून वरून कितीही ठोकले तरी खालचा अर्धा सैलच राहतो. ओल किती असावी? मूठभर मुरूम आवळून गोळा होतो का पाहावे. गोळा झाला, पण बोटांना चिखल लागला नाही, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तो दोन-चार तुकड्यांत फुटला, तर ओल योग्य. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त. शहराजवळ प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो आणि तो वेळ वाचवतो, मात्र मातीत रचलेल्या जुन्या चिऱ्यांच्या भिंतीशेजारी त्याचा थरार बरा नव्हे. तेथे हातची धुम्मसच वापरावी.

मुरमावर नऊ इंचांचे दगडी सोलिंग, फटींत बारीक खडी, वर इंच-दीड इंच जाड क्रश सँड किंवा ग्रिट आणि त्यावर चिरे. तीस फूट लांब, साडेतीन फूट रुंद वाटेला सोलिंगसाठी सुमारे पाऊण ब्रास दगड लागतो, आणि सहा इंचांच्या दाबलेल्या थरासाठी साधारण ६५ घनफूट सैल मुरूम. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे ट्रक उतरताना लक्षात असू द्यावे.

चिरा, दगड की पेव्हर?

चांगला कठीण, बारीक छिद्रांचा जांभा वाटेला शोभतो आणि पाणीही जिरवतो, पण शेवाळाने निसरडा होतो. मऊ चिरा पायांनी झिजून मधे खोलगट होतो. काळा दगड टिकतो. त्याचा माथा टाकी लावून खरबरीत करून घ्यावा. काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक शहरात लोकप्रिय असले तरी उतारावर ते खाली सरकतात आणि सांधे उघडतात. कोणतेही साहित्य घ्या, दर आठ-दहा फुटांवर वाटेला आडवा एक लांब दगड जमिनीत खोल गाडून अडसर द्यावा. वाटेच्या दोन्ही कडांनाही उभे दगड गाडलेले असावेत.

चिऱ्यांचे लांब सांधे उताराला आडवे यावेत आणि ओळीमागून ओळ सांधा चुकवीत जावी. अर्ध्या इंचाच्या फटी जाड रेतीने भराव्यात. सिमेंटने भरू नयेत, कारण पुढे एक चिरा खाली बसला तर तो उचलून खाली रेती घालण्याचे काम तासाभराचे असते. सिमेंटने जोडलेली वाट मात्र फोडावीच लागते. आडवा उतार भिंतीपासून बाहेर, साडेतीन फुटांत एक इंच एवढा द्यावा. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरूनही हे काम अचूक होते. बाहेरच्या कडेला, गडग्याच्या माथ्याआधी, चार इंचांचा उथळ पाट ठेवला की हे पाणी भरावात न शिरता खाली जाते.

वाटेचा लांबीचा उतार बारा फुटांना एक फूट याहून तीव्र असेल तर पायऱ्या कराव्यात. कोकणातल्या जुन्या पाखाड्या यासाठी जाऊन पाहण्यासारख्या आहेत. त्यांच्या पायऱ्या उंचीला पाच-सहा इंच, पायाला भरपूर रुंद आणि पुढे किंचित उतरत्या असतात, म्हणजे पायरीवर पाणी उभे राहत नाही. बाजूने पाण्याला स्वतंत्र वाट असते. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला खाली न पाहता उतरता यावे असे त्यांचे माप असते. घरातल्या वृद्धांसाठी यापेक्षा चांगले माप नव्या पुस्तकात मिळणार नाही. एका बाजूला हाताला धरायला लोखंडी नळी मात्र आपण वाढवावी.

देशावरील काळ्या मातीच्या जमिनीवर घर असेल तर यातला काही भाग लागू पडत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वाट वर-खाली होत राहते. तेथे निदान दोन फूट काळी माती काढून मुरूम भरणे आणि भिंतीलगत पाणी मुरू न देणे यावरच भर द्यावा लागतो.

पहिला पावसाळा

नवी वाट पहिल्या पावसाळ्यात थोडी बसतेच. अर्धा-पाऊण इंच बसली तर घाबरू नये. दसऱ्यानंतर त्या जागचे चिरे उचलून रेती घालावी. एक-दीड इंचाहून अधिक बसली तर पाणी अजून कुठून तरी शिरते आहे, आणि पुन्हा छत्री घेऊन उभे राहणे आले. भरावाच्या उतारावर पावसाच्या सुरुवातीला वाळा लावावा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, मातीच्या जातीनुसार दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि उतार शिवल्यासारखा धरून ठेवतात. हातभर अंतराच्या दोन आडव्या ओळी पुरतात. गडग्यात उगवलेले वडा-पिंपळाचे रोप मात्र बोटाएवढे असतानाच काढावे. मनगटाएवढे झाल्यावर ते काढताना गडगाही येतो.

आमच्या मांगराशेजारची वाट आता सात पावसाळे जुनी आहे. दोनदा चिरे उचलून रेती घातली, पन्हळीचा एक आधार बदलला. खालच्या कोपऱ्यातला एक चिरा अजूनही दर वर्षी पाव इंच बसतो. तेथे पूर्वी फणसाचे झाड होते, एवढे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचा बुंधा आम्ही पूर्ण काढला नव्हता.